डोंगरावरचे घर आणि त्याखालची जमीन

इंदूरच्या मराठी घरांत थंड हवेच्या ठिकाणी घर घेण्याची भाषा तशी अलीकडची आहे. माळव्याला त्याची फारशी गरजच भासली नाही. 'सुबह-ए-बनारस' आणि 'शाम-ए-अवध' यांच्या जोडीला 'शब-ए-मालवा' हा शब्द उगाच रूढ झाला नव्हता. ऐन वैशाखातही गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण टाकले की रात्र सुखाची जात असे. आता मात्र निवृत्तीनंतर पचमढीत, कुमाऊँतल्या एखाद्या खेड्यात किंवा महाबळेश्वरच्या वाटेवर चार खोल्या असाव्यात असे म्हणणारी कुटुंबे आपल्या ओळखीपाळखीत निघतात. पैशांची जुळवाजुळव झाली तरी त्यांची गाडी कागदांपाशी अडते. शहरात रजिस्ट्री, नामांतरण, डायव्हर्शन एवढ्या शब्दांवर निभावते. डोंगरावर बेनाप, गोलखाता, ओल्ड ग्रँट, नजूल अशी निराळीच शब्दावली पुढे येते. या शब्दांमागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: घर ज्याचे असते, त्याची त्या घराखालची जमीन असतेच असे नाही.

इंग्रज डोंगरावर चढण्याआधीही तेथे वस्ती होती, हे थंड हवेच्या ठिकाणांच्या 'शोधा'ची वर्णने वाचताना सहज विसरले जाते. कुमाऊँतील जुन्या गावांत 'बाखली' नावाची घरांची रांग असते. एकाच कुळातील भावकीची घरे एकमेकांना भिंतीला भिंत लावून बांधलेली, छप्पर सलग आणि समोरचे दगडी अंगण सामाईक. आपल्याकडच्या वाड्यात चौक मध्ये आणि घर भोवती असते. बाखलीत तोच चौक उलगडून डोंगराच्या उतारावर लांब पसरावा, तसे ते दिसते. अशा घराची मालकी एकट्याची नसे आणि एकट्याने ते विकण्याचा प्रश्नही सहसा उद्भवत नसे. शिवाय, घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हत्या. छपराचे लाकूड, जनावरांचा चारा, सरपण आणि पाण्याचा झरा यांवाचून डोंगरावरचे घर उभेही राहत नाही आणि टिकतही नाही. हे सगळे गावच्या रानातून येत असे.

इंग्रजांनी १८१५ मध्ये गोरख्यांकडून कुमाऊँ घेतले. त्यानंतर जॉर्ज विल्यम ट्रेल याने १८२३ मध्ये गावांच्या सीमा ठरवल्या. विक्रम संवत १८८० मध्ये झालेला हा बंदोबस्त, म्हणजे जमीन व महसुलाची निश्चिती, तेथे 'अस्सी साला' म्हणून ओळखला जातो आणि सीमेच्या तंट्यांत त्याचा हवाला दिला जातो. पुढील बंदोबस्तांत लागवडीखालची जमीन मोजली गेली, ती 'नाप'. जी मोजली नाही ती 'बेनाप'. रान, कुरण, ओढ्याकाठचा उतार हे सर्व बेनापात गेले. १८९३ मध्ये सरकारने ही सारी बेनाप जमीन संरक्षित वन म्हणून जाहीर केली. गावकऱ्याचे घर आणि शेत त्याच्याकडे राहिले, पण ज्या रानाच्या आधारावर ते चालत होते ते एका आदेशाने सरकारचे झाले. त्यातून असंतोष वाढत गेला आणि १९२१ मध्ये कुमाऊँची जंगले पेटवली गेली. अखेर १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम करून सरकारला गावाचा काही वाटा मान्य करावा लागला. बंदोबस्तात नोंदलेल्या या अधिकारांना तेथे 'हक-हकूक' म्हणतात. बाहेरून येऊन जमीन विकत घेणाऱ्याला सातबारासारखा उतारा मिळतो, पण हे हक-हकूक त्या सौद्यात येत नाहीत. त्यामुळे कागदावर शेजारी झालेली दोन कुटुंबे रानाच्या दृष्टीने शेजारी नसतात.

थंड हवेची ठाणी वसवण्याच्या कथेत इंदूरकरांना एक नाव अनपेक्षितपणे ओळखीचे वाटेल. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने सर जॉन माल्कम रणांगणावर होता. पुढे ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसौरच्या तहाच्या वाटाघाटीही त्यानेच केल्या, आणि त्याच वर्षी इंदूरच्या उशाशी महूची छावणी उभी राहिली. हाच माल्कम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि दोन वर्षांत त्याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून महाबळेश्वरचा माथा कंपनीकडे घेतला. बदल्यात वाईकडचे खंडाळा हे गाव दिले. तेथे वसलेल्या पेठेला त्याचे नाव पडले, माल्कमपेठ. माळव्यात त्याने पठारावर जे केले तेच सह्याद्रीच्या माथ्यावर केले, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही: आधी संस्थानिकाशी करार, मग सरकारी जमीन, मग त्या जमिनीवर घर बांधण्याची परवानगी.

इतरत्रही थोड्याफार फरकाने हेच घडले. सिमल्याची जमीन १८३० मध्ये क्योंथळचा राणा आणि पतियाळाचा महाराजा यांच्याकडून अदलाबदलीने घेतली गेली; दार्जिलिंग १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाने एका दानपत्राने दिले. उटीला जॉन सलिव्हन याने १८२२ च्या सुमारास तोडा लोकांकडून एकरी एक रुपया दराने जमीन घेतली. नैनितालची गोष्ट सर्वांत उघडीनागडी आहे. १८४१ मध्ये तेथे पोचलेल्या बॅरन नावाच्या साखरेच्या व्यापाऱ्याने तळ्यावर आपला हक्क सांगणाऱ्या नरसिंह नामक स्थानिक मालकाला होडीत बसवून तळ्याच्या मध्यावर नेले आणि बुडवण्याचा धाक दाखवून हक्क सोडल्याची सही घेतली, असे सांगितले जाते. हा किस्सा इंग्रजी वर्णनांत विनोद म्हणून येतो, ही त्याची आणखी एक बाजू.

या ठिकाणी बांधलेली घरे कोणाची, याचे उत्तर १२ सप्टेंबर १८३६ च्या गव्हर्नर जनरलच्या आदेश क्रमांक १७९ मध्ये सापडते. हा आदेश बंगाल लष्कराच्या छावण्यांसाठी होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत शब्द वेगळे होते, पण तत्त्व तेच. छावणीत अधिकाऱ्याला बंगला बांधण्यासाठी जागा मिळे, परंतु जमीन सरकारचीच राही आणि ती विकण्याचा अधिकार त्याला नसे. एक महिन्याची नोटीस देऊन आणि परवानगीने बांधलेल्या इमारतीची किंमत मोजून सरकार ती जागा केव्हाही परत घेऊ शके. लष्कराबाहेरच्या माणसाला बंगला विकायचा तर ठाण्याच्या कमांडिंग अधिकाऱ्याची लेखी संमती लागे, आणि घेणारा एतद्देशीय असून किंमत पाच हजार रुपयांहून अधिक असेल तर थेट सरकारची मंजुरी. नियमाचा हेतू स्पष्ट होता. छावणी ही लष्कराच्या सोयीची वस्ती होती. तिथल्या घरांचा बाजार तयार झाला असता तर अधिकाऱ्यांनाच राहायला जागा उरली नसती.

हेतू संपला, पण नियम राहिला. महू असो किंवा पचमढी, छावणीतल्या जुन्या बंगल्यांच्या कागदांत 'ओल्ड ग्रँट' हे शब्द भेटतात आणि त्यांचा अर्थ त्या १८३६ च्या तत्त्वावरून लावला जातो. सागर छावणीतील एका बंगल्याच्या विक्रीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हीच भूमिका घेतली. पिढ्यान् पिढ्या एखाद्या कुटुंबाने घर सांभाळले, कर भरला, छप्पर बदलले, तरी खालची जमीन त्यामुळे त्यांची होत नाही. १९२४ च्या छावणी कायद्यानंतर आलेल्या नियमांत भाडेपट्ट्याची पद्धत निघाली: तीस वर्षांचा पट्टा, दोनदा नूतनीकरण, म्हणजे फार तर नव्वद वर्षे. त्या काळच्या पट्ट्यांची मुदत आपल्या डोळ्यांदेखत संपत आली किंवा संपली, म्हणून हा जुना विषय आज पुन्हा वर आला आहे.

पचमढीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, आणि आपल्या प्रांतातले एकमेव मोठे थंड हवेचे ठिकाण म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य होईल. सातपुड्याचा हा भाग कोरकू आणि गोंड जागीरदारांचा. १८५७ च्या उठावानंतर या डोंगरांत इंग्रजांशी लढलेल्या कोरकू जागीरदार भभूतसिंहाचा बोरीचा मुलूख जप्त झाला आणि १८६५ मध्ये बोरीचे जंगल राखीव झाले. देशातील पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. याच काळात, १८६२ च्या सुमारास, कॅप्टन जेम्स फोरसिथ याने पचमढीच्या पठारावर 'बायसन लॉज' बांधले. पुढे मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे मुक्काम हलवू लागले, छावणी वसली, बंगले उठले. तेव्हा पचमढीत तीन प्रकारची जमीन शेजारी शेजारी नांदू लागली: लष्कराची, बाजाराची नजूल (म्हणजे वस्तीतली सरकारी मालकीची) आणि वनखात्याची.

स्वातंत्र्यानंतर, १९७७ मध्ये, पचमढीचा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि त्याच्या कक्षेत गावाची नागरी वस्तीही आली. अभयारण्यात जमिनीचे हक्क ठरवण्याची प्रक्रिया आधी पूर्ण व्हावी लागते. ती रेंगाळली आणि गावातले जमिनीचे व्यवहार व बांधकाम न्यायालयीन निर्बंधांत अडकले. घर आपले असूनही ते विकता येत नाही, वाढवता येत नाही, अशी स्थिती तेथील रहिवाशांनी दीर्घकाळ अनुभवली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ३९६ हेक्टर नागरी जमीन अभयारण्यातून वगळून नजूल ठरवण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी पचमढीत भभूतसिंहाच्या स्मरणार्थ मंत्रिमंडळाची बैठकही झाली. पचमढीच्या पायथ्याशी किंवा तामियाच्या बाजूला स्वस्त जमीन शोधणाऱ्याने आणखी एक कलम ठाऊक असावे: मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ चे कलम १६५ आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास अनुसूचित क्षेत्रांत मनाई करते आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून होऊ देत नाही.

महाराष्ट्रातील ठिकाणांविषयी थोडक्यात सांगता येईल. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले, आणि तेव्हापासून तेथे नवे बांधकाम अवघड झाले. त्याखेरीज शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावर १९४८ च्या कूळकायद्याचा जुना निर्बंध आहेच.

हिमाचल आणि उत्तराखंड येथील निर्बंधांचे मूळ मात्र छावणीत नाही, तर मैदानातून येणाऱ्या पैशाच्या भीतीत आहे, आणि ती भीती निराधार म्हणता येणार नाही. डोंगरात लागवडीची जमीन मुळातच थोडी. सपाट तुकडे आणखी थोडे. ती एकदा दिल्ली-चंदिगडच्या गिऱ्हाइकांनी घेतली की तेथील शेतकरी आपल्याच गावात राखणदार होतो, हे हिमाचलचे पहिले मुख्यमंत्री यशवंतसिंह परमार यांच्या सरकारने ओळखले होते. म्हणून हिमाचलच्या १९७२ च्या कायद्यातील कलम ११८ ने बिगर-काश्तकाराला जमीन घेण्यास सरकारची परवानगी आवश्यक केली. येथे एक बारकावा आपल्याकडच्या अनेकांच्या ध्यानात येत नाही. कायद्याच्या लेखी काश्तकार म्हणजे हिमाचलात जमीन कसणारा. देपालपूरला पन्नास बिघे सोयाबीन पिकवणारा शेतकरीही तेथे बिगर-काश्तकारच ठरतो, आणि पिढ्यान् पिढ्या सिमल्यात राहणारा दुकानदारही.

उत्तराखंड २००० मध्ये वेगळे झाले तेव्हा हा निर्बंध तेथे नव्हता. २००३ मध्ये बाहेरच्या माणसाला नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी ५०० चौरस मीटरची मर्यादा आली, पुढे ती २५० वर उतरली. २०१८ मध्ये उद्योगांसाठी नियम सैल झाले, त्यावर लोकांत नाराजी पसरली, आणि २०२५ च्या नव्या कायद्याने हरिद्वार आणि उधमसिंहनगर वगळता उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेती व फळबागेची जमीन घेण्यास बंदी केली. घरासाठी २५० चौरस मीटरची सवलत उरली आहे, तीही कुटुंबाला एकदाच आणि प्रतिज्ञापत्रावर.

हे सारे निर्बंध येत असताना तीच गावे आतून रिकामी होत होती. २०११ नंतर उत्तराखंडात ७३४ गावे पूर्णपणे ओस पडली, असे राज्याच्या पलायन (म्हणजे स्थलांतर) आयोगाने २०१८ मध्ये नोंदवले. बाहेरच्याला घर हवे आहे, गावात घरे रिकामी आहेत. तरी व्यवहार होत नाही, याचे कारण 'गोलखाता'. डोंगरी जिल्ह्यांत शेवटचा बंदोबस्त १९६० च्या दशकात झाला आणि चकबंदी, म्हणजे विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण, बहुतांश ठिकाणी झालीच नाही. त्यामुळे आजोबांच्या नावावरच्या खात्यात पुढच्या पिढ्यांतील सर्व वारस वाटणी न होता एकत्र नोंदले गेले. बाखलीतली एक खोली विकायची तर डेहराडून, दिल्ली आणि मुंबईत विखुरलेल्या साऱ्या चुलत-मावस भावंडांच्या सह्या हव्यात. त्यांपैकी काहींना ती खोली कोणती हेही ठाऊक नसते. म्हणून मोटाररस्त्याला लागलेले, वाटणी झालेले शेत २५० चौरस मीटरच्या तुकड्यांनी विकले जाते आणि त्यावर सिमेंटचे नवे घर उठते, तर त्याच गावात वरच्या अंगाला, देवदाराच्या कोरीव दारांची बाखली कुलूप लावलेली राहते.