जुन्या लष्करी संगिनींचे कालनिर्धारण

संगिनीवर ठोकलेला अनुक्रमांक, साल, कारखान्याचा ठसा आणि तपासनिसांच्या खुणा वाचून ती कधी घडवली हे ठरवण्याची पद्धत. नवख्या संग्राहकाची नजर आधी क्रमांकावर जाते. पण नुसत्या क्रमांकावरून साल कळेल अशा संगिनी थोड्याच. बहुतेक सैन्यांत क्रमांक घातला जाई तो संगीन आणि रायफल यांची जोडी जुळावी, किंवा कोठारातला हिशेब राहावा म्हणून.

फ्रेंच ग्रा रायफलच्या १८७४च्या संगिनीत हे स्पष्ट दिसते. मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या पट्टीवरचा क्रमांक रायफलचा असतो. तारीख मात्र पात्याच्या पाठीवर वळणदार अक्षरांत सरळ लिहिलेली असते: शस्त्रशाळेचे नाव, महिना, साल. त्याआधीच्या फ्रेंच शासपो रायफलच्या संगिनीवर शस्त्रशाळेच्या नावात ‘शाही’ हा शब्द असेल, तर ती १८७०मध्ये तिसऱ्या नेपोलियनचे साम्राज्य कोसळण्यापूर्वीची.

ब्रिटिश १९०७ नमुन्याची संगीन सर्वांत जास्त फसवते. मुठीलगत पात्यावर राजमुकुटाखाली ठळकपणे ‘१९०७’ असते, पण ते नमुन्याचे साल. घडणीची तारीख त्याखाली: ‘४ १७’ म्हणजे एप्रिल १९१७. सोबत विल्किन्सन, सँडरसन असे कारखान्याचे नाव. पात्याच्या दुसऱ्या बाजूचा ‘एक्स’ म्हणजे पाते वाकवून घेतलेल्या चाचणीची खूण. १९१३मध्ये आडव्या पट्टीचा हूकसारखा वळलेला टोकाचा भाग नव्या संगिनींतून काढून टाकण्यात आला. १९११च्या संगिनीला तो नसेल, तर बहुधा नंतर कापलेला असतो. मुठीच्या टोकावरचे आकडे तुकडीचे किंवा कोठारातल्या जागेचे असतात. त्यांवरून साल काढत बसणे व्यर्थ.

क्रमांकाला खरा अर्थ येतो तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जर्मन ८४/९८ संगिनीत. साधारणपणे प्रत्येक कारखाना दरवर्षी १पासून मोजायला लागे आणि दहा हजारांची फेरी संपली की पुढच्या फेरीला ए, बी, सी अशी अक्षरे जोडी. त्यामुळे ‘४५२१ सी’ हा आकडा साल सांगत नाही. साल माहीत असेल तर त्या वर्षातला क्रम सांगतो. साल वेगळे शोधावे लागते. सुरुवातीला ते सांकेतिक अक्षरात दडलेले असे: ‘के’ म्हणजे १९३४, ‘जी’ म्हणजे १९३५. ‘एस/१७२’ हा कार्ल आइकहॉर्नचा संकेत. युद्धकाळात त्याच कारखान्याचे ‘सीओएफ’ झाले आणि सालाचे शेवटचे दोन अंक शेजारी आले. म्यानावरचा क्रमांक पात्याशी जुळला तर जोडी मूळची असण्याची शक्यता वाढते. न जुळल्यास म्यान बदललेले असू शकते, पाते खोटे ठरत नाही.

अमेरिकेच्या १९०५ नमुन्यात स्प्रिंगफील्ड आणि रॉक आयलंड या दोन शस्त्रशाळांच्या क्रमांकमाला स्वतंत्र होत्या. म्हणून कारखान्याची अक्षरे न पाहता क्रमांक वाचणे धोक्याचे. १९४२पासून पुन्हा बनवलेल्या याच नमुन्याच्या संगिनींना क्रमांकच नाही. रशियन मोसिन रायफलच्या संगिनींची दुरुस्ती झाली की जुना क्रमांक खोडून नव्या रायफलचा घालत. अशा वेळी वाचायला हवा तो खोडलेला आकडा.