शुगर टाळता येते हे सिद्ध कसं झालं

रिपोर्टमधे शुगर बॉर्डरलाइनला आली की डॉक्टर सांगतात वजन उतरवा, रोज चाला, गोड-तळलेलं कमी करा, आणि ऐकणारा मनातल्या मनात म्हणतो यात नवीन काय सांगितलं. नवीन खरंच काही नाहीये. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे डायबेटीससारख्या आजाराच्या, गरीब रुग्णाला चपला-छत्री न घेता, भिक्षा मागत शंभर योजनं चाल असं सांगितलंय, किंवा मग विहीर खण (जिमची फी वाचली). पण सल्ला जुना असणं वेगळं आणि त्याने नेमका किती जणांचा डायबेटीस टळतो ते मोजून दाखवणं वेगळं, आणि हे मोजायला विसावं शतक संपत आलं.

मधला बराच काळ सगळं लक्ष उपचारावर होतं, तेही साहजिक आहे. १९२१ मधे टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं, जानेवारी १९२२ मधे लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचलं, त्याआधी अशा पोरांना जवळजवळ उपाशी ठेवणं एवढाच इलाज होता. पण त्याच १९२१ साली बॉस्टनच्या इलियट जोस्लिन या डॉक्टरने डायबेटीस टाळण्यावर लेख लिहिला, तिकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. एका शांत गावातल्या रस्त्यावर तीन घरं शेजारीशेजारी, तिथे एकामागून एक राहायला आलेले सात कुटुंबप्रमुख, चार बायका आणि तीन पुरुष, आणि त्यातलं एक माणूस सोडून बाकी सगळे डायबेटीसने गेले. जोस्लिनचा सवाल असा की हेच जर टायफॉइडने किंवा टीबीने गेले असते तर केवढा गहजब झाला असता! पेशंटने स्वतःचा आजार नीट शिकून घ्यायला हवा हाही त्याचाच हट्ट, १९१८ मधेच त्याने डॉक्टर आणि पेशंट दोघांनी वाचावं असं पुस्तक काढलं होतं.

खरा पुरावा आला चीनमधून. दाचिंग हे उत्तरेकडचं तेलाच्या विहिरींचं शहर, तिथे १९८६ मधे लाखाच्या वर लोकांची तपासणी करून बॉर्डरलाइनवरचे ५७७ जण निवडले आणि ३३ दवाखान्यांत वाटले, काही दवाखान्यांत आहारावर काम, काहींत व्यायामावर, काहींत दोन्हीवर, आणि काहींत विशेष काही नाही. सहा वर्षांनी या शेवटच्या गटात दोनतृतीयांश लोकांना डायबेटीस झालेला, बाकी तिन्ही गटांत ४१ ते ४६ टक्क्यांना. पुढे तीस वर्षांपर्यंत या लोकांचा माग ठेवला तेव्हा दिसलं की आजार सरासरी चारेक वर्षं लांबला आणि हृदयविकाराने होणारे मृत्यूही कमी झाले.

मग २००१ ला फिनलंडचा आणि २००२ ला अमेरिकेचा अभ्यास छापून आला, दोन्हीकडे आहार-व्यायामाने डायबेटीसचा धोका ५८ टक्क्यांनी कमी. अमेरिकेत ३२३४ लोक होते, टार्गेट काय तर ७ टक्के वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा तेवढा व्यायाम. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांच्या गटात हाच आकडा ३१ टक्के, त्यामुळे "गोळीपेक्षा चालणं भारी" अशी त्याची हवा झाली. मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तुलनेसाठी ज्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली त्यांनाही वजन कमी करा, व्यायाम करा हे लेखी दिलं होतं आणि वर्षातून एकदा वीस-तीस मिनिटं बसवून सांगितलंही होतं. म्हणजे आपल्याला ओपीडीत जे मिळतं त्यापेक्षा जास्तच! फरक पडला तो आहार-व्यायामाच्या गटात, तिथे प्रत्येकाला स्वतःचा कोच होता, पहिल्या २४ आठवड्यांत १६ भेटी, आणि त्यानंतरही माणूस सुटला नाही, पाठपुरावा चालूच. सल्ला दोघांनाही होता, मागे लागणारं माणूस एकालाच. अर्थात एवढा खर्च रोजच्या व्यवहारात कोण करणार, म्हणून तिथे तोच कोर्स वायएमसीए या सामाजिक संस्थेच्या केंद्रांसारख्या ठिकाणी ग्रुपमधे घ्यायला लागले आणि २०१० पासून त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला.

आपल्याकडे अडचण वेगळी. गोऱ्या लोकांच्या हिशोबात जो जाडच नाही त्यालाही इथे शुगर होते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या टीमने गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की इथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी आणि बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. म्हणजे प्रतिबंध चाळिशीत नाही, आईच्या आहारापासून सुरू करायला हवा असा विचार इथून पुढे आला.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ मधे आला. तीन वर्षांत कंट्रोल गटातल्या, म्हणजे विशेष काही न केलेल्या, ५५ टक्के लोकांना डायबेटीस, आहार-व्यायामवाल्यांत ३९, मेटफॉर्मिनवाल्यांत ४०, आणि दोन्ही एकत्र देऊन जास्तीचा फायदा काहीच नाही. विशेष म्हणजे वजन फारसं न उतरताही हा फरक पडला. नंतर त्यांनी नोकरदार पुरुषांना मोबाइलवर मेसेज पाठवून पाहिले, २०१३ च्या निकालात दोन वर्षांनी मेसेजवाल्यांत १८ टक्क्यांना डायबेटीस, बाकीच्यांत २७ टक्क्यांना, आणि मेसेजला खर्च तो किती.

महाराष्ट्रात सामान्य माणसाला हे अभ्यास फारसे माहीत नाहीत, त्याला दीक्षित डाएट माहीत आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेलं "दोनदाच जेवा" डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी व्याख्यानं आणि व्हॉट्सअॅप ग्रुप यांतून घरोघरी नेलं. त्यावर वाद भरपूर झाले, त्यात मी पडत नाही, पण ग्रुपमधे रोज कुणीतरी विचारणारं असतं हा भाग मला अमेरिकेतल्या त्या कोचच्या जवळचा वाटतो.

सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम २०१० चा. आता आशाताई तिशीवरच्यांचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर आहे का आणि कमरेचं माप, पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की मार्क वाढतात. पेशंट शोधायची सोय अशी झाली. गरज तर आहेच, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अहवालात देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटीस आणि सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. पण शोधल्यानंतर महिनोन्‌महिने मागे कोण लागणार? केरळात नेय्याट्टिनकरा तालुक्यात ६० मतदान केंद्रांच्या भागांत हजारेक लोकांवर हेच करून पाहिलं, गावातलेच लोक तयार करून त्यांना ग्रुप चालवायला दिले. दोन वर्षांनी ग्रुपवाल्यांत डायबेटीस १४.९ टक्के, बाकीच्यांत १७.१, म्हणजे फरक दिसतो पण ठाम म्हणावा इतका नाही. फळं-भाज्या खाणं वाढलं, दारू कमी झाली. आशाताईंच्या आधीच भरलेल्या दिवसात हे काम बसवायचं तर त्यांना वेगळा वेळ आणि वेगळा मोबदला लागेल, नाहीतर फॉर्म भरले जातील आणि तिथेच राहतील.