चंद्राचे छायाचित्र आणि तिथीचे गणित

नवी दुर्बीण घेतलेल्या बहुतेकांचा पहिला बेत कोजागिरीचा असतो. गच्चीवर मंडळी जमलेली असतात, दूध आटत असते, पावसाळ्यानंतर बेळगावचे आकाश एकदाचे मोकळे झालेले असते, आणि एवढे सगळे जुळूनही फोटोत येते ती एक पांढरीफटक, सपाट चकती. मग दोष दुर्बिणीवर टाकला जातो. वास्तविक दोष तिथीचा असतो. टायको विवरापासून फाकलेले पांढरे पट्टे टिपायचे असतील किंवा ग्रहण असेल तर गोष्ट वेगळी, पण चंद्रावरचे डोंगर आणि विवरे टिपण्यासाठी पौर्णिमेइतकी निरुपयोगी रात्र महिन्यात दुसरी नाही.

कारण साधे आहे. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे चंद्रावर पडणारा प्रकाश आणि आपली नजर जवळजवळ एकाच दिशेने जातात आणि प्रत्येक खडकाची सावली त्याच खडकाच्या आड दडते. उंचसखलपणा आपल्याला कळतो तो सावलीमुळे. नांगरलेल्या शेतात भरदुपारी न दिसणारी ढेकळे मावळतीच्या उन्हात एकेक करून उठून दिसतात, तसेच चंद्रावर होते, आणि ते आकड्यांत मांडता येते. चंद्रावर ‘सरळ भिंत’ नावाचा सुमारे ११० किलोमीटर लांबीचा आणि सुमारे ३०० मीटर उंचीचा एक कडा आहे. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर असल्याने ही ३०० मीटर उंची आपल्या डोळ्याशी जेमतेम ०.१६ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) एवढा कोन करते, आणि ११४ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीची भेदनक्षमता, म्हणजे वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान तपशील, साधारण १ विकला, म्हणजे चंद्रावर सुमारे १.९ किलोमीटर, एवढीच असते. परंतु सूर्य तेथील क्षितिजावर दोन अंश वर आला असताना या उंचीची सावली सपाट जमिनीवर सुमारे साडेआठ किलोमीटर पसरते, म्हणजे साडेचार विकलांहून अधिक. जो कडा कोणत्याही घरगुती दुर्बिणीला दिसू नये, त्याची सावली लहान दुर्बीणही काळ्या रेघेसारखी दाखवते.

तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की चंद्रावर कुठे आणि केव्हा उजाडते. याचे उत्तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेले असते. पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. तीस तिथींचे ३६० अंश होतात. चंद्राच्या आपल्याकडील बाजूच्या मध्यावर शून्य रेखांश मानले, तर उजेड-अंधाराची सीमारेषा अमावास्येला ९० अंश पूर्वेला असते आणि दर तिथीला बारा अंश पश्चिमेकडे सरकते. (चंद्राची पूर्व म्हणजे आकाशात आपल्या पश्चिमेकडील बाजू, हे ध्यानात ठेवावे, दुर्बिणीत तर प्रतिमा उलटही होते.) म्हणून शुद्ध पक्षात ९० मधून तिथीच्या अंकाची बारापट वजा केली, की ती तिथी संपताना ज्या रेखांशावर सूर्य उगवत असतो तो मिळतो, उत्तर उणे आले तर ते पश्चिम रेखांश समजावे. सरळ भिंत ८ अंश पश्चिमेला आहे, म्हणून ती शुद्ध नवमीला पाहावी. ९३ किलोमीटर व्यासाचे कोपर्निकस विवर २० अंश पश्चिमेला, म्हणून दशमीला. वद्य पक्षातही हेच सूत्र चालते, फक्त तिथी प्रतिपदेपासून पुन्हा मोजायची आणि सूर्योदयाऐवजी सूर्यास्त समजायचा. सरळ भिंतीचा उतार पश्चिमेकडे असल्यामुळे वद्य सप्तमी-अष्टमीला तीच काळी रेघ पांढरी होते. चंद्र आपल्याकडे पाहताना थोडा डोलतो, त्यामुळे हे उत्तर सात-आठ अंशांपर्यंत, म्हणजे अर्ध्या-पाऊण तिथीने, चुकू शकते. शिवाय दिनदर्शिकेत दिलेली तिथी सूर्योदयाची असते, म्हणून ती कधी संपते तेही पाहून घ्यावे.

आता हे सूत्र चतुर्थीला लावून पाहावे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. उलट संकष्टीला चंद्र पाहिल्याशिवाय उपवास सुटत नाही. गणिताने दोन्ही दिवशी सीमारेषा ५४ ते ४२ अंश पूर्व या एकाच पट्ट्यात येते. मारे क्रिसियम या चंद्रावरच्या काळसर मैदानाच्या काठावर निषिद्ध चंद्रात सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि संकष्टीच्या चंद्रात तेथेच तो मावळत असतो किंवा नुकताच मावळलेला असतो. जागा तीच, सावल्या उलट दिशेच्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कुठे उंचवटा आहे आणि कुठे खळगा हे निर्विवाद ठरते, आणि त्यासाठी शुद्ध चतुर्थीचा चंद्र पाहावाच लागतो. भाद्रपदात आपल्याकडे तो बहुधा ढगांतच असतो; पण कार्तिकातल्या विनायकीला हुबेहूब तीच कोर दिसते आणि तिला कोणी नाव ठेवत नाही. पंचांगातील तिथी हे चोख खगोलगणित आहे. त्याच पानावरचे शुभाशुभ कोणत्याही गणितातून निघत नाही.

चांद्रयान-३ चे वेळापत्रकही याच गणितात बसते. त्यातील विक्रम हे अवतरक यान उतरले ती जागा सुमारे ३२ अंश पूर्वेला आहे, तेथे शुद्ध पंचमीच्या अखेरीस उजाडते आणि वद्य पंचमीच्या अखेरीस मावळते. सौरऊर्जेवर चालणारा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी, निज श्रावण शुद्ध सप्तमीला उतरला आणि ४ सप्टेंबरला, वद्य पंचमीच्या सकाळी, त्याला निद्रावस्थेत ठेवण्यात आले. मात्र ‘दुर्बिणीतून विक्रम दिसेल का’ असे विचारणाऱ्यांनी निराश होण्याची तयारी ठेवावी, कारण दोन मीटरची वस्तू चंद्रावर ठिपका म्हणून वेगळी ओळखायला शंभर मीटरहून मोठ्या व्यासाचा आरसा लागेल.

दुर्बीण निवडताना खोक्यावर छापलेल्या ‘५२५ पट’ यांसारख्या आकड्यांकडे संपूर्ण दुर्लक्ष करावे. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडचे वर्धन प्रतिमा फक्त पुसट करते. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीची मजल १२० पटींपर्यंतच. माझे मत विचाराल तर टेबलावर ठेवायची, १३० मिलिमीटर आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली) दुर्बीण नवशिक्याला सर्वांत सोयीची. ७० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीणही चांगले काम देते. पण बेळगाव १६ अंश उत्तर अक्षांशाजवळ असल्याने हिवाळ्यातील मोठा चंद्र थेट डोक्यावर येतो आणि तेव्हा लांब नळी तिपाईच्या पायांना आपटते. मोटर लागत नाही. चंद्र आपल्या रुंदीएवढे अंतर सुमारे दोन मिनिटांत ओलांडतो आणि १/१२५ सेकंदात तो केवळ ०.१२ विकला सरकतो, जे फोटोत उमटतही नाही. शहराचे दिवेही आड येत नाहीत, म्हणून चंद्रासाठी खानापूरच्या जंगलापर्यंत जाण्याचे कारण नाही. शहापुरातली गच्ची पुरते.

मोबाइल हातात धरून फोटो काढण्यापेक्षा नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) बसणारा क्लॅम्प घ्यावा आणि २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने सुरुवात करावी. भोवतीच्या काळ्या आकाशामुळे कॅमेरा स्वतःहून प्रकाश वाढवतो आणि चंद्र जळून जातो. तो उन्हातला खडक आहे हे लक्षात ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ५० ते १००च्या आसपास ठेवावा आणि पृष्ठभागाचे तपशील दिसेपर्यंत शटर जलद करीत जावे. फोनमधील ‘मून मोड’ बंद ठेवावा, कारण काही फोन चंद्र ओळखून नसलेले तपशील स्वतःच भरतात. डीएसएलआर लावायचा असेल तर आरशाच्या लहान दुर्बिणींत प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकापर्यंत पोहोचत नाही आणि फोकस होत नाही. बार्लो भिंग (प्रतिमा मोठी करून पुढे ढकलणारे जोडभिंग) मध्ये घातले की बहुधा हा प्रश्न सुटतो.

शेवटचा अडथळा हवेचा. दिवसभर तापलेला स्लॅब आणि मंगळुरी कौले रात्री उष्णता सोडत राहतात आणि त्यावरून पाहिलेला चंद्र उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा हलतो. म्हणून फोटोऐवजी व्हिडिओ घ्यावा. सेकंदाला ६० चौकटींच्या वेगाने अर्ध्या मिनिटात १,८०० चौकटी मिळतात, त्यांतील काही क्षणी हवा योगायोगाने स्थिर असते, आणि ऑटोस्टॅकर्टसारखी मोफत संगणकप्रणाली त्या नेमक्या चौकटी निवडून एकमेकींवर बसवते. अशा ४०० चौकटी एकत्र केल्या तर प्रतिमेतील रवाळपणा विसाव्या हिश्श्यावर येतो आणि मग कडा थोड्या धारदार करता येतात. ही धार हात राखून द्यावी. अति झाली की विवरांच्या कडांना पांढऱ्या किनारी उमटतात, आणि त्या चंद्रावर नसतात.