रेघेची जाडी

ठाण्यात किंवा पनवेलच्या बाजूला जागा बघायला गेलेल्या प्रत्येकाने हा आकडा ऐकलेला असतो: एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सरळ हजार का नाही? कारण इंग्रजी अमदानीत आपल्याकडच्या मोजणीदाराच्या हातात जी साखळी होती, ती ३३ फुटांची होती. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन म्हणजे गुंठा, आणि असे ४० चौकोन म्हणजे एकर. साखळीचे १६ भाग केलेले असत, त्यांना आणे म्हणत. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा. आज मोबाइलवर आपण गुंठ्यात भाव विचारतो, तेव्हा त्या लोखंडी साखळीच्याच भाषेत बोलत असतो.

ही मोजणी कशासाठी झाली, हे लक्षात ठेवायला हवे. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तिचा हेतू शेतसारा ठरवणे हा होता. शेत केवढे, माती कशी, सारा किती लावायचा, एवढ्यापुरती ती मोजणी नेटकी होती. पुढे कधीतरी याच शेतावर बारा मजली इमारत उभी राहील आणि हातभर जागेसाठी दोन सोसायट्या भांडतील, हे तिच्या हिशेबात नव्हते.

मोजणीची रीत मात्र मला आजही सुंदर वाटते. शेताच्या आरपार एक सरळ रेघ धरायची. तिच्यावरून साखळी टाकत जायचे, शंकू नावाच्या साध्या लाकडी साधनाने काटकोन साधायचा आणि डावी-उजवीकडचा प्रत्येक कोपरा या रेघेपासून किती साखळ्या, किती आणे दूर आहे ते लिहायचे. या कच्च्या चित्राला टिपण म्हणतात. सगळ्या शेतांची टिपणे जुळवून गाव नकाशा काढला जाई. जुने अनेक गाव नकाशे एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, या मापाचे आहेत. आता गणित करून पाहा. या मापात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे जवळजवळ आठ मीटर. टाकाने ओढलेली रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली, तरी जमिनीवर ती चार मीटर रुंद होते. चार मीटर म्हणजे गावातला एक रस्ता. बांध या रेघेच्या अलीकडच्या कडेला की पलीकडच्या, हे नकाशा सांगूच शकत नाही. टिपण सांगू शकते, कारण त्यात मापे आकड्यांत आहेत आणि आकड्याला जाडी नसते.

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायच्या म्हटल्यावर पहिली अडचण हीच आली. केंद्र सरकारने २००८ मध्ये यासाठी देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. सातबाऱ्यासारखी अक्षरांची नोंद टंकून घेता येते आणि महाराष्ट्रात ते काम बरेच पुढे गेले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आज घरबसल्या मिळतो. नकाशाचे तसे होत नाही. कापडावर डकवलेला शंभर वर्षांचा कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, घडीवर झिजतो. तो स्कॅन केला की त्याच्या या सगळ्या खोडीही सोबत येतात. मग त्याला पृथ्वीवर नेमके बसवावे लागते. त्यासाठी नकाशावरही दिसते आणि जमिनीवरही सापडते अशी ठिकाणे शोधतात: जुनी विहीर, देवळाचा कोपरा, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. अशा ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आज मोजायचे आणि संगणकाला सांगायचे, ‘हा बिंदू इथे, तो तिथे, मधले सगळे त्या मानाने ताणून घे.’

नवी मुंबईत नेमका इथे पाय अडतो. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. यातली कितीतरी जमीन भातखाचरांची, मिठागरांची, खाजणाची होती. तिच्यावर भराव पडला. टिपणातली मापे ज्या बांधांवरून घेतली होती, ते बांधच भरावाखाली गेले. वाशी किंवा कोपरखैरणेच्या सेक्टरमध्ये उभे राहून सर्व्हे नंबरचा दगड शोधायचा म्हटले, तर तो डोळ्यांना दिसणार नाही. जुन्या नकाशाला टेकायला जमिनीवर जे थोडे उरले आहे, त्यात गावठाणे, देवळे, तलाव आणि गावाची शीव यांचाच काय तो आधार.

नवे बिंदू मोजायचे तंत्र मात्र थक्क करणारे आहे. मोजणीदाराच्या हातातली साखळी जाऊन तिथे आता रोव्हर आला, एका काठीवर बसवलेली बशीसारखी ॲन्टेना. ती उपग्रहांचे संदेश ऐकते. हे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचावर आहेत आणि संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. म्हणजे वेळ मोजण्यात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटर चुकते. त्यात वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना संदेश रेंगाळतो आणि किती रेंगाळेल ते तासातासाला बदलते. आपल्या फोनला म्हणूनच काही मीटरच्या पुढे अचूकता साधत नाही.

यावर उपाय साधा आहे. ज्याची जागा आधीच अतिशय बारकाईने मोजून ठेवली आहे, असे एक केंद्र उभारायचे आणि त्याला रात्रंदिवस उपग्रह ऐकत ठेवायचे. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक असते. उपग्रह त्याला काहीतरी वेगळे सांगतात. या दोहोंतला फरक म्हणजे त्या क्षणाची चूक. आसपासच्या रोव्हरवरही जवळपास तीच चूक होत असते, म्हणून केंद्र ती इंटरनेटवरून कळवते आणि रोव्हर ती वजा करतो. शिवाय तो संदेशाच्या लहरीचे भाग मोजतो, आणि ही लहर जेमतेम १९ सेंटिमीटर लांबीची असते. यामुळे मोकळ्या मैदानात काही सेकंदांत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा मिळते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी केंद्रे महाराष्ट्रभर उभारली आहेत आणि भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीत ती वापरली जातात.

इतक्या बारकाईने मोजायला लागलो की एरवी मनात न येणारे प्रश्न उभे राहतात. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. त्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून एकेक पट्टा सपाट करतात. आपला पट्टा ४३ क्रमांकाचा, ७२ ते ७८ पूर्व रेखांशाचा. त्याची मधली रेघ ७५ अंशांवर आणि ठाणे-नवी मुंबई ७३ अंशांच्या आसपास, म्हणजे बरीच कडेला. इथे समुद्रसपाटीवरची १०० मीटरची भिंत त्या सपाट नकाशात सुमारे दीड सेंटिमीटरने जास्त भरते. शेताला याने काही फरक पडत नाही. सेंटिमीटरचा दावा करणाऱ्या नकाशाला पडतो, आणि जाणकार मोजणीदार तो हिशेबात धरतो.

आता महापालिकेकडे वळू. १९८२ मध्ये स्थापन झालेली ठाणे महापालिका असो की १९९२ची नवी मुंबई महापालिका, जमिनीच्या मूळ नोंदी त्यांच्याकडे नसतात. त्या भूमी अभिलेख आणि महसूल खात्याकडे असतात. नवी मुंबईत त्यात सिडकोच्या सेक्टर आणि भूखंडांची भर पडते. जुन्या ठाण्यात नौपाड्यासारख्या भागात मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) टिका नंबर, म्हणजे नगर मोजणीच्या नकाशाच्या पत्रकाचा क्रमांक, आणि सिटी सर्व्हे नंबर असतो. महापालिका आपला वेगळा मालमत्ता कर क्रमांक देते. एकाच घराला तीन कार्यालयांत तीन ओळखी, आणि तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत.

डिजिटल नकाशा या ओळखी जागेवरून जुळवतो. कराच्या यादीतल्या घराचा बिंदू कोणत्या सर्व्हे नंबरात पडतो, हे संगणक ज्या युक्तीने ठरवतो ती शाळकरी मुलालाही जमेल. बिंदूपासून एका दिशेला सरळ रेघ ओढायची आणि ती हद्दीला किती वेळा ओलांडते ते मोजायचे. विषम आकडा आला तर बिंदू हद्दीच्या आत, सम आला तर बाहेर. हद्द कितीही वाकडीतिकडी असो, नियम बदलत नाही. लाखो घरांसाठी संगणक हेच करत बसतो. मग विकास आराखड्यातला रस्ता कुणाच्या जागेतून जातो, आरक्षण नेमके किती चौरस मीटरवर आहे, नाल्याच्या पात्रात काय काय आले आहे, हे एका पडद्यावर एकावर एक थर ठेवून पाहता येते. देशातल्या प्रत्येक जमीनतुकड्याला त्याच्या अक्षांश-रेखांशावरून १४ अक्षर-अंकांचा क्रमांक द्यायचा, ही भू-आधारची कल्पनाही याच गरजेतून आली.

कर आकारणीसाठी घरे मोजायला लेझर किरणही वापरात आले आहेत. नवी मुंबई महापालिकेने असे लायडार सर्वेक्षण हाती घेतले. यंत्र सेकंदाला लाखो किरण सोडते आणि प्रत्येक किरण आपटून परत यायला किती वेळ लागला ते नोंदते. त्या बिंदूंच्या ढगातून इमारतीचा आकार उभा राहतो: वाढवलेला मजला, झाकलेली गच्ची, सगळे. ज्याचे काही भाग भरतीच्या पातळीखाली आहेत अशा या शहरात पाणी कुठून कुठे वाहील हे कळायलाही अशी उंचीची माहिती लागते, आणि माझ्या मते तिचा हा उपयोग करवसुलीपेक्षा मोठा आहे. घर कुणाचे, हे मात्र किरणाला कळत नाही. कराची पावती हा मालकीचा पुरावा नाही, आणि सातबाऱ्याची नोंदसुद्धा जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते.

या सगळ्यात सगळ्यात नाजूक जागा गावठाणाची आहे. गावठाणातल्या घरांच्या जागेला शेतसारा नव्हता, म्हणून साऱ्यासाठी आलेली साखळी गावाच्या कडेकडेने फिरून गेली. घणसोली, दिवाळे, करावे, सारसोळे अशा गावांच्या जुन्या नकाशात शेते एकेक आखलेली दिसतात आणि मधोमध माणसे राहतात तिथे एक कोरा तुकडा. त्याला सातबारा नाही. ज्या आगरी-कोळी कुटुंबांनी शहरासाठी जमिनी दिल्या, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या १९८४ च्या आंदोलनात माणसे गमावली, त्यांच्या राहत्या घराचाच नकाशा सर्वांत अपुरा राहिला. कुटुंबे वाढली, तशी गरजेपोटी घरे गावठाणाच्या रेघेबाहेर गेली, आणि ती रेघ नेमकी कुठे आहे यावर त्या घरांचे भवितव्य ठरायला लागले. मला यात मोठा अन्याय दिसतो. सेंटिमीटरची यंत्रे आधी इथे यायला हवी होती. राज्यातल्या खेड्यांची गावठाणे ड्रोनने मोजण्याचे काम पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीपासून सुरू झाले आणि २०२० मध्ये ‘स्वामित्व’ नावाने देशभर गेले, पण ती योजना खेड्यांची आहे. शहरांच्या पोटात अडकलेल्या गावांसाठी आता ‘नक्शा’ या कार्यक्रमाकडे पाहावे लागते. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये देशातल्या १५२ शहरांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला.

माझ्या मावशीचे घर अशाच एका गावठाणात आहे. तिथे मोजणी आली तेव्हा मी मुद्दाम गेलो. गल्ली इतकी चिंचोळी की रोव्हरला पुरेसे आकाश दिसेना; भिंतींवर आपटून येणारे संदेश त्याला चकवत होते. मोजणीदाराने मग देवळापुढच्या मोकळ्या जागेत दोन बिंदू पक्के केले आणि तिथून टोटल स्टेशन या कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या दुर्बिणीने एकेक कोपरा गल्लीत उतरवत आणला. मावशीचे आणि शेजाऱ्यांचे घर एकाच कौलांखाली. वरून काढलेल्या फोटोत ते एकच छप्पर, एकच आढे. मोजणीदार दारात येऊन थांबला आणि त्याने हद्द विचारली. मावशी आणि शेजारचे काका, दोघेही आत गेले, माजघरातल्या कुडावर दोघांनी हात ठेवला. मोजणीदाराने भिंतीची जाडी टेपने मोजली, निम्म्यावर खूण केली आणि कागदावर रेघेशेजारी लिहिले, ‘सामाईक भिंत’. मग दोघांच्या सह्या घेतल्या.