‘चेक’ आणि ‘शह’ हा एकच शब्द

परवा वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, भाच्याने वजीर पुढे सारून ‘चेक’ म्हटले आणि माझ्या वडिलांनी ‘‘शह म्हण रे’’ असे त्याला दटावले. वास्तविक दोघे एकच शब्द बोलत होते. ‘चेस’ हा ‘चतुरंग’चा अपभ्रंश असल्याचा संदेश सध्या मोबाइलवर फिरतो आहे. खेळ आपल्याकडचा असला तरी ही व्युत्पत्ती चुकीची आहे, आणि खरी कितीतरी सुरस आहे.

हत्ती, घोडे, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून पडलेले ‘चतुरंग’ हे नाव इराणात गेल्यावर उकार गळून ‘चत्रंग’ झाले. अभिजात अरबीत च आणि ग हे ध्वनी नसल्यामुळे त्यांच्या जागी श आणि ज येऊन ‘शत्रंज’ घडला. शेजारच्या गुजराती घरांतला ‘शेतरंज’ त्याचेच रूप होय.

युरोपातील बहुतेक भाषांनी मात्र खेळाचे नाव न उचलता, खेळताना कानावर पडणारी हाक उचलली. राजावर हल्ला झाला की फारसी खेळाडू ‘शाह’, म्हणजे ‘राजा’, असे बजावीत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटच्या ‘ह’ची सोय नसल्याने तिथे ‘क’ आला आणि ‘स्काकुस’ हे रूप झाले. जुन्या फ्रेंचला आरंभीचे ‘स्क’ जड जाई, म्हणून आपल्याकडे ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होते त्याप्रमाणे आधी ‘ए’ लागला, ‘का’चा ‘चे’ झाला आणि ‘एस्चेक’ तयार झाला. अनेकवचनाचा ‘स’ जोडताना त्याच्याआधीचा ‘क’ लोप पावे, म्हणून अनेकवचन ‘एस्चेस’. इंग्रजीने दोन्ही रूपांचा आरंभ टाकून दिला: एकवचनाचे ‘चेक’ झाले, अनेकवचनाचे ‘चेस’. म्हणजे ‘चेस’ हे मुळात ‘शह’चे अनेकवचन आहे!

‘शहमात’ म्हणजे ‘राजा मेला’ असे सर्रास सांगितले जाते. फारसीत ‘मात’चा अर्थ हतबल, निरुपाय असा आहे, आणि तोच खेळाशी जुळतो, कारण पटावर राजा कधीच मारला जात नाही.

‘शाह’ आणि संस्कृत ‘क्षत्र’ हे शब्द ‘राज्य करणे’ या एकाच प्राचीन धातूकडे जातात. पण ही भावंडे आहेत, माय-लेक नव्हेत, आणि अभिमानाच्या भरात हा भेद पुसणे मला गैर वाटते.

त्या दिवशी भाच्याच्या अंगात चौकडीचा सदरा होता. त्याला आपण ‘चेक्सचा शर्ट’ म्हणतो. तोही शब्द जुन्या फ्रेंचमधील पटाच्या नावावरून, म्हणजे शेवटी ‘शाह’वरूनच, आलेला आहे.