रब्बी ज्वारी

पावसाळा ओसरताना पेरली जाणारी आणि पुढे मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढणारी ज्वारी. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ज्वारी एकच (सोर्घम बायकलर, तृण कुल). तिचे मूळ ईशान्य आफ्रिकेत आहे. शेतकऱ्याच्या हिशेबी मात्र खरिपाची आणि रब्बीची ज्वारी ही दोन वेगळी पिके आहेत. खरिपात दाणा भरताना पाऊस लागला की तो बुरशीने काळा पडतो. रब्बीचा दाणा कोरड्या हवेत पिकतो, म्हणून तो टपोरा, पांढरा आणि चमकदार राहतो, भाकरीसाठीही त्यालाच पसंती असते. महाराष्ट्रात सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, बीड, धाराशिव हे जिल्हे आणि लगतच्या कर्नाटकात विजयपूर, कलबुर्गी हा तिचा मुख्य पट्टा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

या पिकाचे सगळे गणित मातीच्या खोलीवर बसते. भारी काळी माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि ते तीन-साडेतीन महिने पिकाला पुरवते. मुरमाड, उथळ रानात ओल लवकर संपते. म्हणून शिफारशीही खोलीप्रमाणेच आहेत : हलक्या जमिनीत फुले अनुराधा हा लवकर येणारा वाण, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा मालदांडी 35-1, भारी जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा किंवा परभणी मोती. पावसाळ्यात रान मोकळे ठेवून कुळवाच्या पाळ्या घालतात आणि उताराला आडवे सारे किंवा वाफे पाडून पाणी जागच्या जागी मुरवतात. पेरणीआधीची ही मेहनत चुकली, तर पुढे कोणतेही खत ती उणीव भरून काढत नाही.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या महिन्यात उरकावी लागते. फार आधी पेरले तर खोडमाशी पिकावर तुटून पडते, उशीर झाला तर ओल हातची जाते. खोडमाशीची अळी कोवळ्या रोपाचा वाढता कोंब कुरतडते. मधला पोंगा वाळतो आणि ओढला की अलगद हातात येतो. यालाच पोंगेमर म्हणतात. त्यावर थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची आणि काणी या बुरशीजन्य रोगावर गंधकाची बीजप्रक्रिया करतात. दोन ओळींत 45 सेंमी अंतर ठेवून हेक्टरी 10 किलो बी पुरते. कोरडवाहूत सगळे खत पेरतानाच दोन चाड्यांच्या पाभरीने (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत सोडणारे पेरणीचे अवजार) बियाण्याखाली ओलीत पडले पाहिजे. वर फेकलेले खत कोरड्या मातीत तसेच पडून राहते.

कोळपणी, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने हलवणे, तणासाठी असते असे वाटते, पण इथे तिचे निम्मे काम ओल राखण्याचे. काळी जमीन सुकू लागली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपे फिरवले की वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात. शेवटच्या खेपेला दातेरी कोळपे वापरतात, कारण तोवर जमीन टणक झालेली असते. पाण्याची सोय असली आणि एकच पाणी देता येत असले, तर ते पीक पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात) असताना, म्हणजे 50 ते 55 दिवसांनी द्यावे. दाणे भरताना ताण पडला तर खडखड्या रोग बळावतो : मातीतली बुरशी मुळांतून शिरते, ताट बुडाशी पोकळ होते आणि उभे पीक लोळते. मावा ही रस शोषणारी कीड वाढली की पानांवर चिकटा पसरतो आणि कडब्याची प्रत घसरते.

मालदांडी 35-1 हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. भारतातला पहिला संकरित ज्वारी वाण, सीएसएच 1, 1964 साली आला आणि खरिपात संकरित वाण झपाट्याने पसरले. रब्बीत तसे घडले नाही. दाण्याची प्रत हे त्याचे एक कारण. दुसरे, आणि माझ्या मते तितकेच वजनदार, कडबा. जनावरे सांभाळणाऱ्या घराला कमी कडबा देणारे ठेंगणे संकरित पीक परवडत नाही. नुसत्या धान्याच्या उताऱ्यावरून वाण जोखणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

दाणा दुधाळ अवस्था ओलांडून हिरवा, मऊ असतानाच कणसे आगटीत भाजून हुरडा करतात. त्यासाठी गुळभेंडीसारखे गोड वाण वेगळे राखले जातात. फुले उत्तरा आणि फुले मधुर हे हुरड्यासाठीच काढलेले वाण.

पीक साधारण चार महिन्यांत तयार होते. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की तो पक्व झाला असे समजतात. मग ताटे उपटून किंवा कापून पेंढ्या बांधतात, कणसे मोडून वाळवतात आणि मळणी करतात. कडबा रचून वर्षभर वैरणीला पुरवतात. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत धुरिन हे द्रव्य असते. जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि विषबाधेने ते दगावू शकते, म्हणून अशा रानात जनावरे सोडत नाहीत. पक्व होऊन नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका सहसा उरत नाही.