मोरीशेजारचा प्लग आणि तीस मिलिअँपिअर

पावसाळ्यात वॉशिंग मशीनला किंवा ओल्या भिंतीवरच्या बोर्डाला हात लागून कुणी दगावलं, की मुंबईत पहिला प्रश्न येतो, ‘मग फ्यूज कसा उडाला नाही?’ तो उडणारच नव्हता. फ्यूज आणि एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) असतात ते वायर जळू नये म्हणून. शरीरातून १०० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहावा भाग, करंट गेला तरी १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही, आणि हृदय बंद पाडायला तेवढा करंट पुरतो. माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं: गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारं, आपल्याकडे आरसीसीबी म्हणतात ते. ते उशिरा आलं आणि आपल्याकडच्या लहान घरांना तर फारच उशिरा मिळालं.

अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं की किती करंटला हाताची मूठ आवळून राहते आणि तार सोडता येत नाही. पुरुषांमध्ये सरासरी १६ मिलिअँपिअर, बायकांमध्ये साडेदहाच्या आसपास. १९६१ मध्ये त्यांनी त्यापासून वाचवणारं उपकरण बनवलं. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींसाठी अशाच उपकरणावर हेन्री रुबिन यांचं काम त्याआधी, १९५०च्या दशकात झालं होतं. तत्त्व साधं आहे. करंट आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल, दोन्ही तारा एकाच कड्यातून जातात. गेला तेवढाच करंट परत आला तर ठीक. कमी आला तर बाकीचा कुणाच्या तरी अंगातून किंवा भिंतीतून जमिनीत उतरतोय, आणि क्षणात लाइन तुटते.

अमेरिकेचा विद्युत कोड, म्हणजे वायरिंगची नियमावली, हे उपकरण सक्तीचं करताना पाण्याचा माग काढत पुढे सरकला. १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावातले दिवे, १९७५ मध्ये बाथरूमचे प्लग, १९७८ मध्ये गॅरेज, १९८७ मध्ये स्वयंपाकघर. तिथलं उपकरण ५ मिलिअँपिअरलाच लाइन तोडतं आणि बहुतेकदा प्लगमध्येच बसवलेलं असतं. युरोपने दुसरी वाट धरली: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मेन बोर्डात, अनेक सर्किटांसाठी मिळून एक. आपण त्याच वाटेने गेलो. वायरमन आरसीसीबीला आजही ईएलसीबी म्हणतात.

मुंबईत ट्रॅम आणि वीज पुरवणारी कंपनी १९०५ची. १९४७ मध्ये ती पालिकेकडे आली. चाळींत वीज शिरली तेव्हा खोलीत एखादा दिवा, फार तर पंखा. लाकडी पट्टीतून दोन तारा नेल्या की काम झालं, गळलेला करंट थेट जमिनीत नेणारी तिसरी, अर्थिंगची तार कुणाला लागतच नव्हती. पुढे त्याच वायरिंगवर इस्त्री आली, फ्रिज आला, गिझर आला. दहा बाय बाराच्या खोलीत वॉशिंग मशीन मोरीच्या कठड्याला खेटून उभं राहतं, प्लग एक्स्टेन्शन बोर्डात, बोर्ड खिळ्याला लटकलेला, आणि कपडे पिळणारी बाई ओल्या लादीवर अनवाणी.

नियम होता, पण या खोलीसाठी नव्हता. १९५६च्या विद्युत नियमांत पुढे नियम ६१-अ घालण्यात आला, त्यात अर्थ लीकेज संरक्षण, म्हणजे जमिनीत गळणारा करंट तोडणारं उपकरण, सक्तीचं झालं, पण ५ किलोवॉटखालच्या लहान जोडण्या वगळून. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांतही ती सूट राहिली. चाळीतल्या बहुतेक खोल्या त्यातच बसत होत्या. मोठ्या फ्लॅटला सक्ती आणि ओल्या लादीला माफी, हे मला कधीच पटलं नाही. नंतरच्या सुधारणांत सूट आवळली गेली आणि घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची कमाल मर्यादा लिहिली गेली.

पुनर्विकासातल्या टॉवरमध्ये आरसीसीबी आता पहिल्या दिवसापासून असतो. जुन्या घरात तो बसवला की वेगळीच अडचण उभी राहते. वर्षानुवर्षांच्या जोडाजोडीत एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला, कधी शेजारच्या खोलीलाही जोडलेला असतो. गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही, उपकरण सारखं ट्रिप होतं, आणि ‘खराब आहे’ म्हणून ते बायपास केलं जातं. घरात आरसीसीबीचं टी (टेस्ट) लिहिलेलं बटण दिसतं, पण त्यामागे संरक्षण उरलेलं नसतं. म्हणून आधी प्रत्येक खोलीचा न्यूट्रल वेगळा करून घ्या, अर्थिंगची तार ओढून घ्या, मगच आरसीसीबी लावा. अर्थिंग नसली तरी तो लाइन तोडतो, पण करंट अंगातून जायला लागल्यावर. अर्थिंग असेल तर मशीनच्या पत्र्यात करंट उतरताच, कुणाचा हात लागण्याआधीच लाइन तोडतो.